सीटखालचा अँप फ्यूज उडवतोय, दुरुस्ती कुठून सुरू करायची?

ऐरोलीहून तुम्ही जे कळवलंय ते आधी थोडक्यात मांडतो. हॅचबॅक गाडी, डाव्या पुढच्या सीटखाली चार चॅनलचा अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर. दोन चॅनलवर मागचे स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एकाच स्पीकरला लावून, डिकीतला १२ इंची सबवूफर. गेल्या पावसाळ्यापासून मधूनच प्रोटेक्टचा (अँपने स्वतःला वाचवायला काम थांबवल्याचा) लाल दिवा लागायचा, बंद-चालू केलं की जायचा. मग एके दिवशी ठाणे-बेलापूर रोडवर गाणं थांबलं, अँपवरचा २५ अँपिअरचा फ्यूज गेला होता. दुकानात ४० चा घालून दिला. दोन मिनिटं वाजलं, जळका वास आला, आणि आता बॅटरीची वायर टेकवली रे टेकवली की फ्यूज जातो, रिमोटची (हेडयुनिटकडून अँपला चालू करणारी) वायर जोडावीही लागत नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवीन घ्या. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. दुरुस्त होईल का, आणि सुरुवात कुठून करायची, असे तुमचे दोन मुख्य प्रश्न.

होईल. वागळे इस्टेटमध्ये माझं दुरुस्तीचं टेबल आहे आणि ही लक्षणं घेऊन येणारे अँप सगळ्यांत जास्त. बहुतेक परत वाजत जातात. पण त्यातले काही दोन महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलावर येतात, कारण जळालेला भाग बदललेला असतो आणि तो जाळणारी गोष्ट गाडीत तशीच असते. म्हणून मी अँप उघडण्याआधी गाडीकडे जातो. तुम्हीही तसंच करा, स्क्रूड्रायव्हर थोडा वेळ बाजूला ठेवा.

आत काय असतं ते डोळ्यांसमोर असलं की पुढचं सगळं सोपं जातं. गाडीत १२ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. एवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला सरळ चालवलं तर हेडयुनिट (डॅशबोर्डातला म्युझिक सिस्टिम) देतं तेवढेच पंधरा-वीस वॉट निघतात. जास्त हवे तर व्होल्टेज वाढवावं लागतं. म्हणून अँपचा अर्धा बोर्ड हा सप्लायच असतो. मॉसफेटच्या, म्हणजे झपाट्याने उघड-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, दोन टोळ्या आळीपाळीने १२ व्होल्ट तोडतात, सेकंदाला पंचवीस-पन्नास हजार वेळा. ते तुकडे गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मरमधून चढतात, पलीकडे डायोड त्यांना सरळ करतात आणि प्लस-मायनस २५ ते ३५ व्होल्टच्या दोन रेल, म्हणजे सप्लायच्या लाइन, तयार होतात. त्या रेलवर आउटपुट ट्रान्झिस्टर स्पीकर हलवतात. मॉसफेटना ताल देणारा आयसी बहुतेक अँपमध्ये टीएल ४९४ किंवा त्याचाच जोडीदार केए ७५०० असतो.

यावरून तुमचा दोष कुठे आहे ते जवळजवळ कळतंच. रिमोट नसताना तो आयसी झोपलेला असतो, मॉसफेट बंद असतात, बॅटरीला पलीकडचं काही दिसतच नाही. तरी फ्यूज जातोय म्हणजे शॉर्ट बॅटरीच्याच बाजूला आहे: एखादा मॉसफेट, नाहीतर प्लस-मायनसमध्ये उलटा बसवलेला संरक्षक डायोड. वायर उलट्या जोडल्या गेल्या तर तो डायोड स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचा बोर्ड वाचवतो. तुम्ही वायर उलट्या केल्या नाहीत आणि वास येऊन गेलाय, तेव्हा माझा अंदाज मॉसफेटचा. रिमोट दिल्यावरच फ्यूज गेला असता तर मी आधी पलीकडे, रेक्टिफायर आणि आउटपुटमध्ये शोधलं असतं.

आता तो ४० चा फ्यूज. यावर मला मनापासून राग येतो. पहिला २५ चा फ्यूज गेला तेव्हा तुमच्या अँपमध्ये बहुधा एकच मॉसफेट किंवा आउटपुटची एकच जोडी गेली असणार. मोठा फ्यूज घातल्यावर वाढलेल्या करंटने शेजारचे मॉसफेट, त्यांचे गेटचे (मॉसफेटला उघड-बंद करणाऱ्या पायाचे) रेझिस्टर आणि कदाचित बोर्डावरचा तांब्याचा पट्टाही नेला. फ्यूज गेला की त्याच आकड्याचा एकदा घालून बघावा. तोही गेला तर थांबावं. आकडा वाढवून कधीही बघू नये, गाडीत वायर कार्पेटखालून जाते आणि तिला आग लागायला वेळ लागत नाही.

गाडीकडे वळू. बॅटरीजवळचा फ्यूज काढून अँप सोडवून घ्या आणि सीटखालचं कार्पेट हाताने दाबा. ओलं लागलं तर निम्मं उत्तर मिळालं. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात एसीचं पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी धूळ-पानांनी चोंदते, पाणी डॅशबोर्डखालून डाव्या पायाजवळ उतरतं आणि कार्पेटखालच्या फोमवाटे सीटखाली जाऊन बसतं. वरून कोरडं दिसतं, फोम पिळला की पाणी निघतं. मधूनच लागणारा आणि बंद-चालू केल्यावर जाणारा प्रोटेक्टचा दिवा ओलाव्याशी चांगला जुळतो. खाडीकाठची हवा आधीच खारट, त्यात हे. एसीची नळी साफ करून घ्या, फोम पूर्ण वाळवा, त्याशिवाय अँप तिथे परत ठेवू नका.

मग अर्थिंग, म्हणजे अँपच्या मायनसचा बोल्ट. सीटच्या बोल्टखालीच तो आवळून टाकायची सवय फार आहे. तिथे रंग असतो, सीलंट असतं, खाली गंज असतो. पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, रिंग टर्मिनल लावा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. वायर जितकी आखूड तितकं चांगलं, दीड फुटाच्या आत ठेवा.

वायरिंग तपासायची माझी एक साधी पद्धत आहे आणि ती अँप नसतानाही चालते. हेडलाइटचा एच-४ बल्ब घ्या. त्याची एक फिलामेंट १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर खाते. अँपच्या जागी वायरच्या टोकांना तो बल्ब लावा. आता मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा, लांब वायर जोडून, अँपकडच्या प्लसच्या टोकावर. मीटर व्होल्टवर. इथे जे दिसेल ते वायरने खाल्लेलं व्होल्टेज. चांगल्या तांब्याची ४ गेजची पाच मीटर वायर ५ अँपिअरला जेमतेम २० मिलिव्होल्ट खाते, ८ गेजची ५० च्या आसपास. तुम्हाला ३०० दिसले तर समजा, २५ अँपिअरला तीच वायर दीड व्होल्ट खाणार. हेच बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या मायनसपर्यंत करा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जाडजूड वायरिंग किटमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. चाकूने एक तार खरवडली तर आत पांढरं दिसतं. दिसायला जाड, पण तांब्याच्या तुलनेत दीडपटीहून जास्त अडवते. सप्लाय स्वतःच्या रेल धरून ठेवणारा असेल तर व्होल्टेज पडल्यावर तेवढीच ताकद द्यायला तो जास्त करंट ओढतो आणि मॉसफेट तापतात.

आता स्पीकर. सगळ्या स्पीकरच्या वायर अँपपासून सोडवलेल्या असताना प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ च्या दरम्यान दाखवतो. मग प्रत्येक वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात मोजा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दरवाजात स्पीकर असतील तर मोजताना दरवाजा हळूहळू उघडा-मिटा. घोडबंदर रोडची एक गाडी माझ्याकडे तीन वेळा आली होती. टेबलावर अँप तासन्‌तास वाजायचा, गाडीत गेला की प्रोटेक्ट. तिसऱ्या वेळी मी मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून डाव्या दरवाजापाशी उकिडवा बसलो. दरवाजा साधारण अर्धा उघडला की बीप, पूर्ण उघडला की शांत. बिजागरीजवळची वायरवरची रबरी नळी बाहेर काढली तर आत वायरचं प्लास्टिक सोलून एक तार पत्र्याला घासत होती. टोकाला धातू काळा पडला होता. दोन इंच नवीन वायर आणि स्लीव्ह, एवढंच काम.

तुमच्या सबवूफरबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की तो ४ अधिक ४ ओहमच्या दोन कॉइलचा आहे आणि 'दोन्ही एकत्र जोडल्यात'. एकत्र म्हणजे पॅरलल असेल तर मला तिथेच दोषी सापडलाय. मीटरवर १.७-१.८ ओहम दाखवतोय का बघा. पॅरलल झाल्यावर तो २ ओहमचा झाला. अँप ब्रिजमध्ये चालतो तेव्हा दोन चॅनल मिळून एक स्पीकर ढकलतात, आणि प्रत्येक चॅनलला त्या स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक चॅनलला १ ओहम दिसत होता. अँपच्या पुस्तिकेत बहुधा 'स्टिरिओ २ ओहम, ब्रिज ४ ओहम' असं लिहिलेलं असेल. याचा अर्थ ब्रिजमध्ये ४ च्या खाली जायचं नाही. कमी आवाजात हे खपून जातं, म्हणून वर्षभर चालतंसुद्धा. गणपतीला गावी निघालात, सहा-आठ तास सलग वाजलं, सीटखाली अँपच्या भोवती पिशव्या कोंबलेल्या, अशा दिवशी तो जातो. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा, ८ ओहम होतील. आवाज थोडा उतरेल, अँप जगेल. तेवढा दणका हवाच असेल तर सबसाठी २ ओहमला चालणारा वेगळा मोनो अँप घ्यावा.

खोक्यावरच्या १८०० वॉटवर विश्वास ठेवून सब निवडलाय, असंही दिसतंय. फ्यूजवरून खरी ताकद काढा. २५ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ३५० वॉट बॅटरीकडून आत जातात. तुमचा अँप एबी क्लासचा आहे, त्यात साठ टक्के बाहेर आले तरी खूप. म्हणजे चारही चॅनल मिळून दोनशे-सव्वादोनशे वॉट. बाकीची उष्णता होऊन हीटसिंकमधून जाते.

एवढं झालं की अँप उघडायचा. बॅटरी सुटलेली असली तरी आतले कॅपॅसिटर भरलेले असू शकतात, १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर दोन पायांवर काही सेकंद धरून रिकामे करा. मग मीटर हातात घेण्याआधी नुसतं बघा, चांगला प्रकाश पाडून. पाणी गेलेल्या बोर्डावर पायांभोवती पांढरी किंवा हिरवट पूड दिसते. मोठ्या कॅपॅसिटरच्या मुळाशी आणि टोरॉइडखाली कारखान्यात लावलेला डिंक असतो. नवा असताना तो पिवळट, मऊ असतो. उष्णतेने तो तपकिरी, कडक आणि ठिसूळ होतो, आणि त्या अवस्थेत तो वीज वाहू लागतो, शेजारच्या पायांना खातो. हा डिंक मी प्रत्येक जुन्या अँपमधून खरवडून काढतो. तुमचा मधूनच येणारा प्रोटेक्ट यानेही असू शकतो. खरवडताना लाकडी काडी वापरा, स्क्रूड्रायव्हरने पट्टे तुटतात. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड दोन्ही बाजूंनी धुवा, एक दिवस सुकू द्या.

आता मीटर बीपवर. प्लस टर्मिनल आणि मायनस टर्मिनल यांच्यात शॉर्ट दिसेल. संरक्षक डायोडचा एक पाय उचला. शॉर्ट गेला तर नशीब, डायोड बदलून सुटलात. राहिला तर मॉसफेट. प्रत्येक टोळीतले मॉसफेट पॅरलल असतात, त्यामुळे एक शॉर्ट असला तरी सगळेच शॉर्ट दाखवतात. बोर्डावर बसून कोणता गेला हे शोधण्यात वेळ घालवू नका, सप्लायचे सगळे काढा. एखाद्याच्या तोंडावर चीर किंवा बारीक खड्डा दिसेल, तो पहिला गेलेला. चांगले वाटणारेही परत लावू नका. एकदा असा झटका बसलेला मॉसफेट महिन्याभरात दगा देतो आणि नव्यांनाही घेऊन जातो.

गेटचे रेझिस्टर एकेक मोजा. साधारण ४७ किंवा १०० ओहमचे असतात, रंगपट्ट्यांवरून जुळवा. मॉसफेटमध्ये करंट ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून वाहतो; मॉसफेट फुटतो तेव्हा ड्रेनचं व्होल्टेज गेटमधून मागे येतं, आणि हे रेझिस्टर, त्यामागचे छोटे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर उघडे पडतात किंवा शॉर्ट होतात. पुष्कळ कारागीर इथे चुकतात. नवे मॉसफेट घालतात, मागचा ड्रायव्हर मेलेला असतो, एका टोळीचं गेट अर्धवट उघडं राहतं आणि नवे मॉसफेट दहा सेकंदांत जातात.

म्हणून मॉसफेट काढलेले असतानाच आयसीची परीक्षा घ्या. बॅटरीच्या प्लसमध्ये तोच एच-४ बल्ब सिरीजमध्ये लावा. आता आत काहीही शॉर्ट असलं तरी बल्ब पेटेल आणि करंट ५ अँपिअरच्या वर जाणार नाही. दुरुस्तीच्या टेबलावर फ्यूजपेक्षा माझा भरवसा या बल्बवर आहे. प्लस, मायनस जोडा, मग रिमोटला १२ व्होल्ट द्या. टीएल ४९४ च्या १२ नंबरच्या पायावर सप्लाय यायला हवा, १४ नंबरवर बरोबर ५ व्होल्ट. ५ आले नाहीत तर आयसी बदला. ४ नंबरच्या पायावर ३ व्होल्टच्या वर असतील तर प्रोटेक्शनने आयसीला दाबून धरलंय, आयसी चांगला आहे, दाबणारा शोधावा लागेल. सगळं ठीक असेल तर रिकाम्या गेटच्या जागी चौकोनी लाटा येतात. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तर मीटर डीसीवर ठेवा: दोन्ही टोळ्यांच्या गेटवर साधारण ४ ते ५ व्होल्ट आणि दोन्हीकडे जवळपास सारखे दिसायला हवेत. एकीकडे शून्य किंवा थेट ११ दिसले तर त्या बाजूचा ड्रायव्हर गेलाय.

नवे मॉसफेट लावण्याआधी पलीकडची बाजू. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप हा तिकडचा ग्राउंड, बॅटरीचा मायनस धरू नका, बहुतेक अँपमध्ये हे दोन ग्राउंड थेट जोडलेले नसतात. मधल्या टॅपपासून प्लस रेल आणि मायनस रेल मोजा, मग प्रत्येक रेलपासून प्रत्येक चॅनलच्या स्पीकर टर्मिनलपर्यंत. बीप वाजला तिथला आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. तुमच्या ब्रिजच्या दोन चॅनलवर मला हीच भीती आहे. गेलेला ट्रान्झिस्टर जोडीने बदला, एनपीएन आणि पीएनपी दोन्ही, शिवाय त्यांचे एमिटर रेझिस्टर आणि ड्रायव्हर मोजून घ्या. रेक्टिफायर बदलताना नंबरच्या शेवटचं अक्षर वाचा. एमयूआर १६२० सीटी आणि सीटीआर दिसायला एकच, पण एकात दोन्ही कॅथोड जोडलेले असतात, दुसऱ्यात दोन्ही ॲनोड. अदलाबदल झाली तर रेल थेट शॉर्ट.

पार्ट कुठून घ्यायचे? मी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातो, अजूनही स्वतः. ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण घरी आल्यावर प्रत्येक मॉसफेट तपासा, कारण जुन्या किंवा कमी ताकदीच्या मॉसफेटवर नवीन नंबर छापून विकतात. तपासायला पुन्हा तोच बल्ब. सोर्स बॅटरीच्या मायनसला, ड्रेन बल्बमधून प्लसला, गेट एका १०० ओहममधून प्लसला. बल्ब पूर्ण पेटेल. आता ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर, अगदी मुळाशी, मिलिव्होल्ट मोजा. आयआरएफ ३२०५ चा चालू असतानाचा रेझिस्टन्स ८ मिलिओहमपर्यंत, म्हणजे ५ अँपिअरला ४० मिलिव्होल्टच्या आसपास. आयआरएफझेड ४४ एन असेल तर ८०-९० च्या घरात. ३२०५ म्हणून घेतलेला जर १०० दाखवत असेल तर दुकानदाराला परत करा. एका अँपमध्ये सगळे एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे लावा. सगळे पार्ट मिळून काही शे रुपयांत काम होतं, म्हणून 'नवीन घ्या' हा सल्ला मला पटत नाही.

बसवताना इन्सुलेशनकडे जीव ओतून लक्ष द्या. मॉसफेटची मागची पट्टी म्हणजे ड्रेन, आणि हीटसिंक म्हणजे अँपची बॉडी. मधला अभ्रकाचा तुकडा किंवा सिलिकॉन पॅड फाटलेला नको, त्याखाली कथलाचा कण नको. अभ्रक असेल तर दोन्ही बाजूंनी पातळ पेस्ट. क्लॅम्प पूर्ण आवळून झाल्यावर प्रत्येक पट्टी ते हीटसिंक मोजा, बीप नको. क्लॅम्प न लावता 'फक्त एक सेकंद चालू करून बघतो' असं करू नका. तेवढ्यात ट्रान्झिस्टर जातात, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

मग बल्ब सिरीजमध्येच ठेवून पहिला सप्लाय. स्पीकर नाहीत, आरसीए (हेडयुनिटकडून आवाजाचा सिग्नल आणणारी वायर) नाही. वायर जोडताना बल्ब क्षणभर चमकून विझेल, कॅपॅसिटर भरले. रिमोट दिल्यावर पुन्हा थोडा उजळेल आणि मंद होईल. मंदच राहिला तर छान. भगभगीत पेटून राहिला तर लगेच काढा, अजून शॉर्ट आहे. अँप चालू व्हायला धडपडतोय आणि पुन्हा बंद पडतोय असं दिसलं तर बल्बच्या दोन्ही फिलामेंट एकत्र जोडा, थोडा जास्त करंट मिळेल. दोन्ही रेल मोजा, आकडा सारखा आणि चिन्ह उलटं हवं. मग चारही स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर असेल तर त्या चॅनलमध्ये अजून काहीतरी आहे, तिथे स्पीकर लावू नका. दोन्ही रेल बरोबर आहेत, प्रोटेक्ट नाही, तरी आवाज नाही, असं झालं तर ऑप-अँपचे (सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या आयसींचे) प्लस-मायनस १५ व्होल्ट बघा. ते बनवणारे झेनर आणि रेझिस्टर तापून खालचा बोर्ड तपकिरी होतो, त्यांचे पाय सुटतात. आरसीए सॉकेटचे पायही खड्ड्यांच्या धक्क्यांनी ड्राय सोल्डर होतात, सगळे एकदा नव्याने गरम करा.

सगळं बरोबर वाटलं की बल्ब काढून १० अँपिअरचा फ्यूज, एक साधा स्पीकर, कमी आवाज, अर्धा तास. हीटसिंकवर हात ठेवता यायला हवा. त्यानंतरच २५ चा फ्यूज आणि गाडी.

इंजिनाची रेस वाढवली की स्पीकरमधून येणाऱ्या शिट्टीबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ते बहुधा आधीपासूनच असणार. हेडयुनिटच्या आरसीएची बाहेरची रिंग आणि हेडयुनिटची बॉडी यांच्यात मोजा, शून्याजवळ हवं. तिथे ओपन असेल तर हेडयुनिटच्या आतला बारीक पट्टा गेलाय. बरोबर असेल तर तुमची अर्थिंग घासून झाल्यावर शिट्टी बरीच कमी होईल. आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या एकाच बाजूने नेली असेल तर वेगळी करा.

परत बसवताना अँप कार्पेटवर ठेवू नका. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायवर बसवून खाली रबराचे पाय लावा, म्हणजे ओल चढणार नाही आणि हवा खेळेल. फरशीला ड्रिल मारायची वेळ आलीच तर खाली वाकून आधी बघा, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, आणि सीएनजी असेल तर त्याची नळी कुठून जाते ते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज आहे का, तेही बघा. पुष्कळ गाड्यांत तो नसतोच, फक्त अँपवरचा असतो, आणि मधली सगळी वायर उघड्यावर असते.

हे करूनही सोडून द्यावा असा अँप कोणता? मॉसफेटखालचा बोर्ड जळून कोळसा झाला असेल आणि खरवडूनही काळाच राहत असेल तर तो कोळसा वीज वाहतो, तिथे मी काम घेत नाही. तेवढा भाग कापून वायरने जोडण्याइतकी जागा असेल तर घेतो. तुमच्या वर्णनावरून ती वेळ आलेली वाटत नाही.

अँप उघडून मॉसफेट काढलेत की मला तीन गोष्टी कळवा: प्लस-मायनसमधला शॉर्ट गेला का, ब्रिजच्या दोन चॅनलवर रेलपासून स्पीकर टर्मिनलपर्यंत बीप येतो का, आणि सबवूफर मीटरवर किती ओहम दाखवतो. गेटच्या रेझिस्टरचे रंगही लिहा. त्यावरून पार्टची यादी करून देतो, म्हणजे लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत काम होईल.